मालमोटारीचा लागून विझणारा दिवा

आमच्या मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या घरीं डिझेलची मालमोटार, पिकअप किंवा मोठा ट्रॅक्टर आहे, अशांकडून गेल्या दोन हंगामांत एकच गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें. गाडी चालत असतां समोरच्या फळीवर पिवळा किंवा तांबडा दिवा लागतो. चालक घाबरून गाडी बाजूस घेतो. तोंच दिवा विझतो आणि गाडी पूर्ववत् चालूं लागते. दोन दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. दुरुस्तीस नेली तर तेथें दिवा लागत नाहीं, आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, गाडींत कांहींच नाहीं." सतत जळणाऱ्या दिव्याचें कारण शोधणें त्या मानानें सोपें, लागून विझणारा दिवा मात्र पंचनाम्याच्या वेळीं गैरहजर राहणाऱ्या साक्षीदारासारखा असतो. आमची उभी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. यंत्रविद्येचा कोणताहि दाखला आमच्यापाशीं नाहीं. तथापि घरच्याच एका गाडीपायीं या विषयाच्या मागें आम्हांस वर्षभर लागावें लागलें, आणि त्यांत जें कळलें तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम हे दिवे आले कोठून हें समजून घेतलें पाहिजे. डिझेल इंजिनांत पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें ठिणगी लागत नाहीं. आंत घेतलेली हवा इतकी दाबली जाते कीं ती स्वतःच तापते, आणि तींत डिझेलचा फवारा पडतांच तो पेट घेतो. जुन्या गाडीचें इंजिन एकदां सुरू झालें म्हणजे विजेवांचूनहि चालत राही. सर्व कांहीं दांत्यांच्या व स्प्रिंगांच्या जोरावर चाले. अशा गाडीवर दिवे मोजके तीन असत: तेलाच्या दाबाचा, बॅटरीच्या चार्जिंगचा व पाण्याच्या उष्णतेचा. पुढें धुराचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ हें मान देशभर लागू झालें, आणि मधली पायरी सोडून १ एप्रिल २०२० पासून एकदम भारत स्टेज ६ आलें. डिझेलमधील गंधकहि दशलक्ष भागांस ५० वरून १० भागांवर आणला गेला. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून असाच कडक नियम लागला. हे नियम पाळावयाचे तर किती डिझेल, कोणत्या क्षणीं, किती दाबानें सोडावें हें केवळ दांत्यांच्या हिशेबानें जमत नाहीं. तें काम आतां एक विजेची पेटी करते. मिस्त्री लोक तिला 'ईसीएम' म्हणतात. ती गाडीभर बसविलेल्या सेन्सरांकडून क्षणोक्षणीं खबर घेते: इंजिन किती तापलें, हवा किती आली, सायलेन्सरांतून काय बाहेर पडतें. एखादी खबर अशक्य किंवा इतर खबरींशीं विसंगत आली कीं ती दिवा लावते.

येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. अमुक भाग मोडला असें दिवा सांगत नाहीं. अमुक खबर जुळत नाहीं एवढेंच तो सांगतो. तलाठ्याकडील अहवाल कचेरींत पोंचला नाहीं म्हणजे गांवचें पीक बुडालेंच असें नव्हे. कधीं पीक खरोखर बुडालेलें असतें, तर कधीं अहवाल घेऊन निघालेला कोतवाल वाटेंत ओढ्याला पूर आल्यामुळें अडकलेला असतो. सेन्सर हा तलाठी आणि तार हा कोतवाल असें मानलें तर लागून विझणाऱ्या दिव्याच्या बाबतींत दोष बहुतेक वेळां कोतवालाच्या वाटेंतच सांपडतो. कारण बिघडलेला सेन्सर सहसा बिघडलेलाच राहतो; अर्धवट तुटलेली तार, सैल कपलर, गंजलेलें टोक हीं मात्र हिसक्यानें, उष्णतेनें किंवा ओलीनें घटकेंत जुळतात आणि घटकेंत सुटतात.

दुसरी गोष्ट पेटीच्या स्मरणाची. ईसीएमपाशीं स्वतःची नोंदवही असते. चूक दिसली कीं ती तिचा सांकेतिक क्रमांक, ज्यास 'कोड' म्हणतात, लिहून ठेवते, आणि पुष्कळदां त्या क्षणीं इंजिनाचा वेग, भार व उष्णता किती होती हेंहि टिपते. धुरासंबंधींच्या कित्येक चुका लागोपाठच्या खेपांत पुन्हां दिसल्याशिवाय दिवा लागतच नाहीं. उलटपक्षीं, साधारणतः तीन खेपा निर्दोष गेल्या म्हणजे दिवा आपोआप विझतो, परंतु वहींतील नोंद इंजिन चाळीस वेळां तापून थंड होईपर्यंत राहूं शकते. यावरून दोन गोष्टी निघतात. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असें नाहीं. आणि दिवा विझल्यावरहि स्कॅनर लावून कोड वाचतां येतो. म्हणून दिवा लागतांच बॅटरीची तार काढून पुन्हां लावण्याची जी युक्ति आमच्याकडे सर्रास सांगितली जाते, ती करूं नये. पुष्कळ गाड्यांत तिनें नोंद पुसली जाते. चोरीचा पंचनामा होण्यापूर्वीं अंगण झाडून घेण्यासारखाच तो प्रकार आहे.

रंगाविषयीं थोडक्यांत. तांबडा दिवा म्हणजे थांबा. तेलाच्या डब्याचें किंवा उष्णतामापकाचें तांबडें चिन्ह क्षणभर जरी लागलें तरी गाडी सुरक्षित जागीं घेऊन इंजिन बंद करावें; "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊं" हा विचार सबंध इंजिनाच्या किमतीचा ठरूं शकतो. तेलाचा दिवा चढावर, वळणावर किंवा जोरानें ब्रेक लावतांना लुकलुकत असेल तर आधीं सपाट जागेवर गाडी उभी करून कांडीनें तेल मोजावें. तेल कमी असल्यास असेंच होतें. तेल पुरेसें असून लांब खेपेनंतर गरम इंजिन मंद चालत असतांनाच तो लुकलुकत असेल, तर दाबाचें मीटर लावून दाब प्रत्यक्ष मोजून घ्यावा. केवळ दाबाचा स्विच बदलून समाधान मानूं नये. पिवळा दिवा म्हणजे जपून चाला व लवकर दाखवा. तो लुकलुकत असेल किंवा त्याबरोबर गाडीची ताकद गेली असेल तर भार कमी करून जवळचें ठिकाण गांठावें.

आतां घरची हकीकत. आमच्या पुतण्यानें सन २०२१ मध्यें कर्ज काढून भारत स्टेज ६ ची एक लहान मालमोटार घेतली. चांदूर बाजार तालुक्यांत आमची संत्र्यांची बाग आहे. आंबिया बहाराचा माल अमरावतीस, पुढें तूर व हरभरा अकोल्याच्या बाजारांत, आणि मधल्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचें भाडें, असा त्या गाडीचा क्रम. दुसऱ्या वर्षीं इंजिनाचा पिवळा दिवा लागूं-विझूं लागला. केव्हां केव्हां दिव्याबरोबर गाडीची ताकदहि पडे, आणि भरली गाडी चढावर बैलाच्या चालीनें चाले. दुरुस्तीच्या ठिकाणीं कोड वाचला गेला. तो सायलेन्सरवरील एका सेन्सराचा निघाला. सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे दिले. नऊ दिवस दिवा लागला नाहीं. दहाव्या दिवशीं लागला. पुन्हां नेली, पुन्हां सेन्सर बदलला, आणि पुन्हां तेंच. दोन्ही वेळचें बिल मिळून एका महिन्याचें भाडें गेलें. तिसऱ्या खेपेस तेथील माणसानें सहज बोलावें तसें म्हटलें, "डिझेलमध्यें भेसळ दिसते. ड्रायव्हरावर नजर ठेवा."

हें एक वाक्य सेन्सराहून महाग पडलें असतें. आमचा चालक गांवचाच, दहा वर्षांचा माणूस. पूर्वीं तो आमचा ट्रॅक्टर चालवीत असे. तो वाटेंत चांगलें डिझेल विकतो व हलकें भरतो असा संशय पुतण्याच्या मनांत भरला, आणि दिवाळी झाली कीं त्यास रजा द्यावयाची असें ठरूं लागलें. आम्हांस आपला मोठेपणा मिरवावयाचा नाहीं. आम्हीं सुद्धां त्या माणसाच्या नकळत डिझेलच्या पावत्या व किलोमीटर जुळवून पाहिले होते. ते जुळले, तरी मनांतील किंतु गेला नव्हता. त्यास तें कळलें होतें असें आतां वाटतें, कारण त्या दिवसांत तो घरीं चहास थांबेनासा झाला होता.

शेवटीं आम्ही पुतण्यास म्हणालों कीं, आणखी एक महिना थांब आणि दिव्याची नोंद ठेवूं दे. तो हंसला. "काका, तुम्ही कागदाचे माणूस. यंत्राला कागद काय करणार?" तरीहि आम्हीं एक शंभरपानी वही आणून तिच्यावर रकाने आंखले: तारीख व वेळ, ठिकाण, गाडी भरली कीं रिकामी, इंजिन थंड कीं गरम, रस्ता कसा, त्या क्षणीं काय चाललें होतें, म्हणजे वळण, ब्रेक, चढ, हेडलाइट, पाऊस, दिवा किती वेळ राहिला, ताकद गेली काय, शेवटचें डिझेल कोठें व केव्हां भरलें. वही चालकाच्याच हातीं दिली. त्याचें अक्षर चांगलें आहे. जेथें लिहिणें शक्य नसे तेथें तो गाडी थांबवून मोबाईलवर फळीचें छायाचित्र घेई, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाई.

महिन्याभरांत अकरा नोंदी झाल्या. त्या एका संध्याकाळीं ओटीवर पसरून पाहतां डिझेलचा रकाना प्रथमच निकालांत निघाला, कारण तीन वेगवेगळ्या पंपांवरचें डिझेल असतांना दिवा लागला होता आणि त्याच तिन्ही पंपांच्या डिझेलवर गाडी कित्येक खेपा बिनतक्रार चाललीहि होती. उष्णता, पाऊस, वेळ यांचाहि मेळ बसेना. मेळ बसला तो भार व रस्ता यांचा. अकरांपैकीं नऊ वेळां गाडी भरलेली होती, आणि सर्वच्या सर्व वेळां ती पांदण रस्त्यावर किंवा गांवच्या खडबडीत सडकेवर होती. महामार्गावर एकदांहि दिवा लागला नव्हता. अमरावती ते अकोला या वाटेवर लोणीपासून मान्यापर्यंत जून २०२२ मध्यें एका पदराचें ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून जागतिक विक्रम झाला, हें वाचकांस आठवत असेल. त्या गुळगुळीत वाटेवर आमची गाडी भरली असतांहि शहाण्यासारखी वागे, आणि गांवच्या शिवेंत शिरली कीं बिघडे. राहिलेल्या दोन रिकाम्या नोंदींपैकीं एक मोरीवरून गाडी आदळल्याची होती व दुसरी गतिरोधकावरची.

म्हणजे गाडी जेव्हां जेव्हां आपल्या पाट्यांवर खालीं दबे, तेव्हां तेव्हां कोठें तरी कांहीं तरी लागत होतें. आणि दुरुस्तीच्या ठिकाणीं गाडी नेहमीं रिकामी, धुतलेली व सपाट फरशीवर उभी! तेथें साक्षीदार येणार कोठून? भरली गाडी तपासा म्हणून सांगितलें तर दोन ठिकाणीं नकार मिळाला. अखेर तालुक्याच्या गांवचा एक म्हातारा वायरमन संत्र्यांनीं भरलेल्या गाडीखालीं सतरंजी टाकून शिरला. वीस मिनिटांत त्यानें हांक मारली. चेसीवरून मागें जाणारा तारांचा जुडगा एका ठिकाणीं क्लिपेंतून सुटून मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटवर टेकला होता. भार पडला कीं घासे. घासून घासून दोन तारांचें आवरण गेलें होतें, आणि हिसका बसला कीं उघडें तांबें लोखंडास लागे. त्यानें जखमी भाग कापून तारा डाखानें जोडल्या, त्यांवर उष्णतेनें आवळणारी नळी चढविली, जुडगा चार बोटें दूर नेऊन नवी क्लिप बसविली. खर्च एक क्रेट संत्र्यांच्या किमतीहून कमी आला. त्यास आतां दोन वर्षें होऊन गेलीं. तो दिवा पुन्हां लागला नाहीं. चालक अद्याप आमच्याकडेच आहे, आणि वहीहि तोच ठेवतो.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, प्रत्येक गाडीचा दोष निराळा निघेल, परंतु शोधण्याची रीत हीच राहील. कोड सेन्सराचा आला म्हणून सेन्सर बदलूं नये. प्रथम त्याची तार दोन्ही टोकांपर्यंत पाहावी, कपलर सोडून आंतील टोकांवर हिरवा-पांढरा गंज आहे काय तें पाहावें, इंजिन चालू ठेवून जुडगा जागोजागीं हलका हलवावा व स्कॅनरवर आंकडा उडी घेतो काय तें दुसऱ्यास पाहावयास सांगावें. हात फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावा हें सांगावयास नको.

एकच दिवा लागत असेल तर दोष बहुधा त्या फांदींत असतो. तीन-चार दिवे एकदम लागून विझत असतील तर तो मुळांत शोधावा. मूळ म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर व अर्थिंगची तार. बॅटरीचीं टोकें सैल असलीं, त्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढली असली, किंवा इंजिन व चेसी यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी रंगावर व मातीवर आवळलेली असली, म्हणजे पेटीस पुरता दाब मिळत नाहीं आणि ती भलतेंच बोलूं लागते. बारा व्होल्टच्या गाडींत रात्रभर उभ्या राहिलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२·६ व्होल्टच्या सुमारास आणि इंजिन चालू असतां १३·८ ते १४·४ च्या दरम्यान असावा. मोठ्या ट्रकांस दोन बॅटऱ्या असतात. तेथें हे आंकडे दुप्पट धरावे. लहानसें मीटर घरीं असावें. तें चालविणें लाकूड मोजण्याहून कठीण नाहीं. याच प्रसंगीं आणखी एक इशारा देतों. डाल्यास कडी किंवा हूक बसविण्यासाठीं गाडीवर विजेचें वेल्डिंग करवावयाचें असेल तर आधीं बॅटरीच्या तारा सोडाव्या व वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदीं जवळ लावावी. पेटी जळण्याचें तें एक कारण आहे, आणि गांवोगांव तें निष्काळजीपणें चालतें.

आमच्या भागाचे म्हणून जे विशेष दोष आहेत त्यांत उंदीर पहिला. तूर, सोयाबीन यांचीं पोतीं जेथें थप्पीस लागतात तेथेंच आपण गाडी उभी करतों. रात्रीं इंजिन उबदार असतें आणि तारांचें आवरण उंदरांस आवडतें. अर्धी कुरतडलेली तार कित्येक आठवडे अधूनमधून चालते. हंगामांत दर आठ दिवसांनीं बॉनेट उघडून लेंड्या, कुटार व चिंध्या दिसतात काय हें पाहावें. त्यानंतर काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यांत तो कपलरांवर थापला जातो, ओल धरतो आणि सुकला म्हणजे तारा ओढून धरतो. तो धुवावा, परंतु दाबाच्या पाण्याची धार कपलरांवर व पेटीवर मारूं नये. गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीं दिवा लागतो ही तक्रार आम्हीं पुष्कळ ठिकाणीं ऐकली आहे.

खारपाण पट्ट्यांतील मंडळींनीं तर विशेष जपलें पाहिजे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांत विहिरीचें पाणी खारें आहे हें सांगावयास नको. जें पाणी पिकास मानवत नाहीं तें रेडिएटरास कसें मानवेल? बोअरचें पाणी रेडिएटरांत ओतलें म्हणजे आंत क्षार बसतात, नळ्या चोंदतात, थर्मोस्टॅट अडकूं लागतो, आणि उष्णतेचा दिवा मेळघाटाच्या चढावर लागून उतारावर विझूं लागतो. कंपनीनें सांगितलेलें कूलंट व शुद्ध केलेलें पाणी एवढेंच वापरावें. शिवाय जिनिंगच्या आवारांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीवर रुईचे तंतू व धूळ यांचा नमदा बसतो. तो मऊ ब्रशानें व मागून पुढें हलक्या हवेनें काढावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कोणीहि उघडूं नये. वाफेनें भाजलेले हात आम्हीं पाहिले आहेत.

डिझेलमधील पाण्याचा दिवा निराळा असतो. शेतावर पिंपांत डिझेल सांठविणाऱ्यांकडे तो पावसाळ्यांत लागतो, कारण अर्धवट रिकाम्या पिंपांत रात्रीच्या गारव्यानें दंव धरतें. फिल्टरखालचा नळ सैल करून पाणी काढून टाकावें, व पिंपाच्या तळचें शेवटचें डिझेल गाडींत घालूं नये.

आतां यूरियाच्या दिव्याकडे वळूं, कारण त्यांत शेतकऱ्यास मोह पडण्यासारखें आहे. भारत स्टेज ६ च्या बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारीं निळ्या झांकणाची दुसरी टाकी असते. तींत ३२·५ टक्के यूरिया व बाकीचें शुद्ध पाणी असें द्रावण भरतात. त्यास 'डीईएफ' म्हणतात. तें तापल्या धुरांत फवारलें कीं त्याचा अमोनिया होतो, आणि तो धुरांतील नत्राच्या विषारी प्राणिदांस निरुपद्रवी नत्र व पाण्याची वाफ यांत पालटतो. डीईएफ संपत आलें, निकस निघालें किंवा फवारा बंद पडला कीं दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास पेटी इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करते. आपल्या घरीं यूरियाची गोणी आहे, पाणी आहे, मग डबे विकत कां घ्यावेत? असा प्रश्न आम्हांस दोन सभासदांनीं केला. त्याचें उत्तर असें. शेतीचा यूरिया सन २०१५ पासून सर्व निंबोळी तेलानें माखलेला येतो. तें तेल फवाऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांत व सायलेन्सरमधील रासायनिक जाळींत बसतें. शेतीच्या यूरियांत बाययूरेट नांवाचें द्रव्य दीड टक्क्यापर्यंत चालतें. डीईएफच्या द्रावणांत तें ०·३ टक्क्याहून अधिक चालत नाहीं. त्यांत विहिरीच्या पाण्याचे क्षार मिळाले म्हणजे जाळी निकामी होण्यास अवधि लागत नाहीं, आणि तिची किंमत ऐकून माणूस खालीं बसतो. शिवाय सरकारी अनुदानाचा यूरिया शेतीवांचून अन्य कामास वापरणें १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वयें गुन्हा आहे. डीईएफ विकत घेतांना सीलबंद डबाच घ्यावा, आणि तो उन्हांत ठेवूं नये. अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हांत तें द्रावण लवकर बिघडतें व पुढें दिवा कां लागतो याचा उलगडा होत नाहीं.

याच घराण्यांतील आणखी एक दिवा काजळीच्या गाळणीचा, ज्यास 'डीपीएफ' म्हणतात. गाळणींत सांठलेली काजळी गाडी सलग वेगानें चालली म्हणजे सुमारें ६०० अंश उष्णतेंत आपोआप जळून जाते. जी गाडी दिवसभर शेत ते घर, घर ते बाजार अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या करते तिची गाळणी स्वच्छ होण्यास सवडच मिळत नाहीं. काजळी जळत असतां मधेंच चावी बंद केली जाते, दिवा लागतो, आणि पुढच्या लांब खेपेंत विझतो. येथें बिघाड कांहींच नाहीं. आठवड्यांतून एकदां अर्धा तास महामार्गावर सलग चालविल्यास पुष्कळदां निभावतें. मात्र ही काजळी जळत असतां सायलेन्सर अतिशय तापतो. वाळलेल्या कुटारावर, कडब्यावर किंवा गंजीशेजारीं अशी गाडी उभी करूं नये.

दुरुस्तीच्या ठिकाणीं बोलावें कसें, याविषयींहि थोडें. "दिवा लागतो, पाहा" एवढेंच सांगून चावी हातीं देऊं नये. नोंदीची वही दाखवावी. कोड पुसण्यापूर्वीं तो कागदावर लिहून मागावा. एखादा भाग बदलावयाचा झाल्यास तो बिघडला हें मोजून कसें कळलें तें विचारावें, आणि जुना भाग परत घ्यावा. शक्य असेल तर ज्या स्थितींत दिवा लागतो त्या स्थितींत, म्हणजे भरली असतां भरली व गरम असतां गरम, गाडी त्यांच्यापुढें चालवून दाखवावी. चांगला मिस्त्री यानें रागावत नाहीं. वॉरंटीची मुदत चालू असेल तर बाहेर तार कापण्यापूर्वीं कंपनीच्या माणसाकडून लेखी उत्तर घ्यावें. ही खबरदारी आम्हीं घेतली नव्हती.

शेवटीं जुनी गाडी विकत घेणारांसाठीं. ज्या गाडीचा दिवा वारंवार लागतो तिच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटविणारे, किंवा दिवाच काढून टाकणारे लोक आहेत. चावी पहिल्या टप्प्यावर फिरविली म्हणजे इंजिन सुरू होण्यापूर्वीं इशाऱ्याचे दिवे कांहीं क्षण लागून विझले पाहिजेत. इंजिनाचा पिवळा व तेलाचा तांबडा दिवा तर लागलाच पाहिजे. तो लागला नाहीं तर विक्रेता कांहींहि सांगो, सौदा तेथेंच थांबवावा. ही परीक्षा भर उन्हांत करूं नये, कारण मंद दिवा दिसत नाहीं. गाडी सावलींत घ्यावी, फळीवर हाताची आड धरावी, आणि विक्रेत्यास नव्हे तर स्वतः चावी फिरवून दिवे एकेक मोजावे.